डावं मनगट, उजवं मनगट

रविवार, रात्री साडेदहा. नौपाडा, ठाणे.

दादाने दिलेल्या शनेलच्या अल्यूर ओम स्पोर्ट या परफ्यूमच्या बाटलीत आता जेमतेम बोटभर उरलंय. नवी घेणं सध्या परवडणारं नाही, म्हणून काल राम मारुती रोडवरून एक डुप आणला, ६५० रुपयांचा. डुप म्हणजे नकली शनेल नव्हे. खोक्यावर नाव बनवणाऱ्यांचं स्वतःचंच, वास तेवढा त्या वळणाचा. मला त्यात काही गैर वाटत नाही.

सकाळी आठला आंघोळ झाल्यावर डाव्या मनगटावर दादाचा आणि उजव्यावर डुप, एकेक फवारा मारला. मनगटं घासली नाहीत. सुरुवातीला डुपचं स्पिरिटच नाकात गेलं, इंजेक्शनआधी कापूस फिरवतात ना, अगदी तसं. ते उडालं आणि मी चकितच झालो. संत्र्याची साल नखाने सोलताना जो बारीक तुषार उडतो तो, आणि त्यामागे खारा गारवा. दोन्हीकडे हुबेहूब! आईने दोन्ही हात हुंगले. "सारखेच आहेत रे," म्हणाली.

मग मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारून आलो, घामाने शर्ट पाठीला चिकटला. संत्र्या-लिंबाच्या जातीचे वास हलके, उन्हात तेच आधी उडतात. मागे राहतो तो जड वास. एक वाजता उजव्या हातावर कपड्यांच्या साबणासारखं काहीतरी गोडसर उरलं होतं. डाव्यावर मात्र टोन्का बीन, म्हणजे एक सुगंधी बी, नुकतं कुठे उमलत होतं: बदामासारखं, वाळलेल्या गवतासारखं, थोडं व्हॅनिला, आणि खाली देवदार. पैसे लागतात ते इथे.

शनेलचे तेव्हाचे परफ्यूमर जाक पोल्ज यांनी दादाचा हा परफ्यूम २००४ साली घडवला. ठाणे-वाशी लोकलही त्याच वर्षी सुरू झाली. पुढे दादा कितीतरी वर्षं त्याच लोकलने घणसोलीला जायचा. सकाळी घाईत निघायचा, तेव्हाचा त्याचा वास मला आठवतच नाही. आठवतो तो रात्री दाराआड खुंटीला टांगलेल्या शर्टाचा, कॉलरमध्ये मुरलेला. तो डुपमध्ये नाही.

उद्यापासून ऑफिसला डुपच. सकाळचे दोन तास तो खरंच छान आहे. बोटभर उरलेली बाटली खिडकीतून उचलून कपाटात ठेवली, उन्हाने बिघडायला नको. दिवाळीत दादा येईल तेव्हा काढेन.