साटा मोड बदलला आणि विंडोज उठेना

डिचोलीतील आमच्या घरी २०१२ साली जोडून घेतलेला एक संगणक आहे. जत्रेच्या पत्रिकांपासून गावच्या कालोत्सवातील नाटकाच्या संहितेपर्यंत माझे सगळे मराठी टंकलेखन त्यावरच चालते. विंडोज १० उघडायला तो फार वेळ घेऊ लागला, म्हणून जुन्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये साठवण करणाऱ्या वेगवान डिस्कवर, उतरवली आणि ती आत बसवली. दोन आठवडे सारे सुरळीत चालले. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, साटा मोड (डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे ती निवड) अजून जुन्या पद्धतीचा ‘आयडीई’ असल्याचे माझ्या लक्षात आले. एएचसीआय या नव्या पद्धतीच्या मोडमध्ये डिस्कला एका वेळी ३२ आज्ञांपर्यंतची रांग लावून देता येते आणि त्यामुळे काम जलद होते, एवढे मला ठाऊक होते. मी मोड बदलला, एफ-१० दाबून बदल साठवला आणि चहा आणायला उठलो.

परत येऊन पाहतो तर निळा पडदा, त्याखाली ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ ही अक्षरे. यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले, पुन्हा तेच. दोन-तीन फेऱ्यांनंतर विंडोजने स्वतःच दुरुस्तीचा प्रयत्न केला आणि जमत नसल्याचे सांगून हात वर केले. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याला फोनवरून हकिकत सांगितली, तेव्हा ‘एसएसडी गेली, नवी घालून विंडोज टाकूया’ असा निकाल त्याने यंत्र न पाहताच दिला. गेल्या दोन आठवड्यांतली संहिता फक्त त्याच एसएसडीवर होती. बॅकअप न घेण्याचा आळस माझाच, त्याबद्दल दुसऱ्या कोणाला बोल लावता येत नाही.

वेर्ण्याला नोकरी करणारा भाचा रात्री फोनवर भेटला. तो म्हणाला, ‘मामा, डिस्क मेली असती तर बायोसमध्ये तिचे नाव दिसले असते का? आणि खात्री करायची असेल तर तुमची जुनी हार्ड डिस्क जोडून बघा.’ नाव दिसत होते. खणातली जुनी डिस्क काढून जोडली, तर आदल्या महिन्यापर्यंत उत्तम चालणाऱ्या त्या डिस्कवरही हुबेहूब तोच निळा पडदा आला. दोन वेगवेगळ्या डिस्क एकाच वेळी बिघडणे शक्य नव्हते. मोड पुन्हा आयडीईवर नेला, एसएसडी जोडली आणि विंडोज काही घडलेच नसल्यासारखे उघडले. आधी संहितेची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, मग पुढचे ऐकायला बसलो.

कारण असे होते की विंडोज बसवताना जो मोड असतो, त्याला लागणारा ड्रायव्हरच (विंडोजला यंत्राच्या भागाशी बोलू देणारा छोटा प्रोग्रॅम) सुरुवातीच्या क्षणी उचलला जातो. बाकीचे ड्रायव्हर संगणकात असूनही त्या वेळी झोपलेले असतात. मोड बदलला की विंडोज सुरू व्हायला लागते, पण ज्या डिस्कवर ते स्वतः आहे तिच्यापर्यंतच त्याला पोहोचता येत नाही. विंडोज ७ मध्ये यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत, शिरून ‘एमएसएएचसीआय’ या नोंदीतील ‘स्टार्ट’चा आकडा शून्य करावा लागत असे. विंडोज १० मध्ये सेफ मोडची, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह विंडोज उघडण्याची, वाट अधिक सोपी आहे, कारण सेफ मोडमध्ये उठताना एएचसीआयचा ड्रायव्हरही जागा होतो.

भाच्याने सांगितल्याप्रमाणे विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून ‘एमएसकॉन्फिग’ उघडले, ‘बूट’ या भागात ‘सेफ बूट’वर खूण केली आणि ‘मिनिमल’ तसेच राहू दिले. मात्र रीस्टार्ट करण्यापूर्वी त्याने मला थांबवले आणि खात्याचा पासवर्ड आठवतो का, असे विचारले. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच याची खात्री नसते आणि मी तर वर्षभर पिनवरच भागवत होतो. वहीत शोधून पासवर्ड सापडेपर्यंत अर्धा तास गेला, आणि पुढे खरोखरच पिन चालला नाही. मग रीस्टार्ट करताच डिलीट कळ दाबत राहून बायोसमध्ये शिरलो. पहिल्या खेपेस उशीर झाला आणि आयडीईमध्येच सेफ मोड उघडला, पण त्याने काही बिघडत नाही, पुन्हा रीस्टार्ट करायचे एवढेच. दुसऱ्या खेपेस एएचसीआय निवडले. काळ्या पडद्याच्या चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ ही अक्षरे उमटली. तेथे ‘एमएसकॉन्फिग’मधील खूण काढली आणि संगणक नेहमीसारखा उघडला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर’ दिसू लागला. वेग वाढला खरा, पण खरा फरक एसएसडीने आधीच पाडला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आषाढात एकदा रात्रभर वीज नव्हती. सकाळी पुन्हा तोच निळा पडदा, मी काहीही न बदलता. बायोस उघडले तर तारीख मागे जाऊन १ जानेवारी २०१२ झालेली आणि साटा मोड मूळच्या आयडीईवर आलेला. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता आणि वीज जाताच बायोस आपली सगळी आठवण विसरले होते. मोड आणि तारीख दुरुस्त केली, पाच मिनिटांत काम सुरू झाले. काढलेल्या सेलवर ‘सीआर २०३२’ असे कोरलेले होते. त्याच क्रमांकाचा नवा सेल डिचोली बाजारातल्या घड्याळवाल्याकडे मिळाला.