बायकांची समुपदेशक व्हायला काय यावं लागतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहोत. "मुलगी बायकांसाठी समुपदेशनाचं काम करायचं म्हणते, त्यात नेमकं करायचं काय असतं?" हा प्रश्न कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणी, खानापूर, चिकोडीकडचे आईवडील हमखास विचारतात. बहुतेकांची समजूत अशी, की बाईला चार शब्द सांगून परत नांदायला पाठवायचं. ते काम भावकी आणि गावचे पंच पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. समुपदेशक तिला काय कर ते सांगत नाही. तिला स्वतः ठरवता येईल एवढी सुरक्षितता आणि माहिती तिच्या हातात येईपर्यंत ती सोबत राहते.

शिक्षण म्हणाल तर मानसशास्त्रात एमए किंवा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. औषध लिहून द्यायचा अधिकार डॉक्टरांचाच. इथे मात्र पदवीइतकीच गरज आहे कन्नड लिहिता-वाचता येण्याची. बाई मराठीत रडते आणि तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते. सही करण्याआधी तो कागद तिला मराठीत वाचून दाखवायला लावणं आणि एफआयआरची मोफत प्रत मागून घेणं, हे समुपदेशकाला ठाऊक हवं.

बाई बहुधा एकटी येत नाही, सासू किंवा नणंद सोबत असते. पाच मिनिटं सगळ्यांशी बोलावं, मग "आता यांच्याशी एकटीशी बोलायची इथली पद्धत आहे" असं सांगून दार लावावं. दुभाषी लागला तर नातेवाईक नको, तिचं मूल तर मुळीच नको. फोन कधी करायचा आणि दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं, हे पहिल्याच भेटीत ठरवावं.

"मला नैराश्य आलंय" असं कुणी म्हणत नाही. डोकं जड होतं, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, अंगावरून पांढरं जातं, असं सांगतात. शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त दिसला. म्हणून डॉक्टरांची तपासणी करून घ्यावीच, पण तेवढ्यावर थांबू नये.

नैराश्य ओळखायला पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं, प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा जास्त आली तर पुढची तपासणी हवी. ही चाचणी फॉर्म वाचल्यासारखी वाचली की फसते. "कामात रस वाटतो का?" म्हटलं की बाई म्हणते, "शेतात जावंच लागतं, रस कसला?" त्यापेक्षा "शेजारणीशी दोन शब्द बोलावेसे वाटतात का?" असं विचारावं. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचाराचा. नवख्या मुली तो गाळतात, कारण विचारलं तर तिच्या डोक्यात ते शिरेल अशी भीती वाटते. तसं होत नाही. स्पष्ट विचारल्यावर बाईला हायसं वाटतं. उत्तर "हो" आलं तर त्याच बैठकीत घरातल्या फवारणीच्या औषधाचं बघायचं. ऊस-तंबाखूच्या या पट्ट्यात ते हाताशीच असतं. ते कुलपात जाईल आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी राहील अशी व्यवस्था तिच्या विश्वासातल्या माणसाशी बोलून करायची. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्यायचा, तिथे मराठीतही बोलता येतं. पुढची भेट आठवड्याच्या आतली, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच पाठवायचं. आत्महत्येचा प्रयत्न झालेल्या घरात पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळला जातो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असंच धरलं जातं आणि त्यासाठी शिक्षा नाही, हे घरच्यांना ठामपणे सांगायचं.

मारहाण असेल तर नवरा-बायकोला समोरासमोर बसवू नये. ती तिथे "सगळं ठीक आहे" म्हणते, किंवा खरं बोलते आणि त्याचा मार घरी खाते. गळा दाबला होता का, हे आवर्जून विचारावं. तसं घडलेल्या बाईच्या जिवाला पुढे फार मोठा धोका असतो. कोर्टाने पाठवलेल्या समुपदेशनातही नवऱ्याला आपल्या मारहाणीचं समर्थन करायची मुभा नाही, असं घरगुती हिंसाचार कायद्याचे 2006 चे नियम सांगतात.

सीमेवरची मुख्य अडचण "अर्ज कुठं करायचा?" ही. निपाणीत दिलेली मुलगी महाराष्ट्रातल्या कागलला माहेरी आली, की कागलवाले म्हणतात निपाणीला जा. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो, आणि तो आदेश देशभर चालतो. वकील तालुक्याच्या विधी सेवा समितीतून मोफत मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता पैशाचं. बैठकीला यायला बसभाडं मागावं लागलं की घरात चौकशी सुरू होते. कर्नाटक सरकारच्या 2023 च्या शक्ती योजनेने, म्हणजे मोफत बसप्रवासाने, इथल्या बायकांची ती अडचण पुष्कळ हलकी केली. पण लग्न होऊन कोल्हापूरकडून आलेल्या सुनेच्या आधारवर माहेरचाच पत्ता असेल तर तिला तिकीट काढावंच लागतं. कर्नाटकच्याच गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 रुपये रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला, म्हणजे बहुधा सासूला मिळतात. म्हणून पत्ता बदलणं, स्वतःचं बँक खाते उघडणं, त्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडणं ही कामं आमच्या मते उपचाराचाच भाग आहेत. दर आठवड्याला त्यातलं एकच काम ठरवावं, तेही तिने निवडलेलं. चार कामं एकदम दिली की एकही होत नाही आणि पुढच्या भेटीला ती येत नाही.

नोकऱ्या सखी केंद्रात (हिंसाचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र), जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, संस्थांमध्ये असतात. बऱ्याच कंत्राटी. मुलाखतीला गेल्यावर मुलीने पगाराबरोबर एवढं विचारून घ्यावं : अवघड केस आली तर मी कुणाशी बोलायचं, आणि दाराला आतून कडी असलेली खोली मला मिळेल का?