बर्गे पडल्यावर भोगावतीवर: गळाचा पहिला रविवार

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला मी आणि माझा धाकटा मामेभाऊ कोल्हापुरातून भोगावती नदीकडं निघालो. काठ्या, पेंडीचा डबा, भाकरी-खर्डा आणि एक ओली गोणी, एवढंच सामान. जूनपासून आमचे गळ बंद होते. पावसाळ्यात आम्ही नदीवर जातच नाही. पाणी लाल आणि वेडं असतं हे एक, पण खरं कारण दुसरं. त्या दिवसांत चढणीला लागलेले (प्रवाहाविरुद्ध वर जाणारे) मासे गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, भरलेले असतात आणि असा मासा उचलणं मला पटत नाही.

राधानगरी रस्त्यानं वाशी, कांडगाव, हळदी, परिते असं पुढं जायचं. ऊसतोड सुरू झाली असेल तर या रस्त्यावर घाई करू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात मागून दिसत नाहीत आणि पहाटे नदीकाठच्या पट्ट्यात धुकं दाट असतं. आम्हाला तासभर लागला. नेमका बंधारा कुठला ते लिहीत नाही, कारण तिथं नुकतीच बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्लं) सोडलेली आहे आणि ती वाढायला हवी. हळदी, राशिवडे, कोगे अशी बंधाऱ्यांची रांगच या नदीवर आहे. पुढं लिहिलंय ते त्यातल्या कुठल्याही फुगीला, म्हणजे बंधाऱ्यामागं अडलेल्या पाण्याला, लागू पडेल.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्याला इतका नेहमीचा झालाय की तो कसा चालतो याकडं लक्ष जात नाही. गळ टाकणाऱ्यानं मात्र ते समजून घ्यावं. दगडी खांबांच्या मधल्या मोऱ्या पावसाळ्यात मोकळ्या असतात, पूर त्यातून निघून जातो. पाऊस ओसरला की प्रत्येक मोरीत बर्ग्यांच्या (आडव्या फळ्यांच्या) दोन रांगा बसवतात आणि मधल्या पोकळीत माती भरतात. पूर्वी बर्गे लाकडी असायचे, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी आहेत. बर्गे पडले, म्हणजे बसवून झाले, की दोन-चार दिवसांत पाणी मागं चढतं. काल जिथं खडक आणि गवत होतं तिथं आज कमरेएवढं पाणी असतं. बुडालेल्या गवतातले किडे, गांडुळं, कुजका पाला हे सगळं माशांना नव्यानं खुलं होतं. म्हणून हे पहिले पंधरा दिवस चांगले. पाणी निवळलेलं असतं, अजून उबदार असतं आणि मासा खाण्याच्या मागं असतो. पुढं थंडी वाढली की हाच मासा सुस्त पडतो.

पोचल्यावर आम्ही सरळ भिंतीजवळ गेलो. तिथं पाणी सगळ्यात खोल, म्हणून मोठा मासा तिथंच असणार असा हिशोब. काठ्या काढतोय तोवर म्हशी घेऊन एक आजोबा आले.

"काय पावणं, इच्यारलासा काय कुणाला?"

"नाही आबा. कुणाला विचारायचं?"

"बीज सोडलंय न्हवं गावानं. आदी तकडं जाऊन या, मग बसा निवांत."

बीज म्हणजे तीच बोटुकली. त्यांनी दाखवलेल्या घरी गेलो. तिथल्या दादांनी नाव लिहून घेतलं, जाळं टाकायचं नाही आणि बोटुकली न्यायची नाही अशा दोन अटी घातल्या आणि चहाही दिला. हे सगळ्यांनी करावं. तलावांवर आणि धरणांवर तर मासेमारीचा हक्क बहुतेक वेळा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडं ठेक्यानं असतो. तिथं न विचारता बसणं म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरणं. मग ते राधानगरीच्या जलाशयाचं पाणी असो नाहीतर गावचा तलाव.

परत येऊन सात ते साडेआठ भिंतीपाशी बसलो. बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) सारखा टकटक हलायचा, ओढून बघावं तर आमिष गायब. शेवटी लहान हुक लावला तेव्हा चिलापी (तिलापिया) लागायला लागली, तळहाताएवढी. दोन वेळा बोटभर लांबीचा रोहू आला, नुकत्या सोडलेल्या बिजातला. जिथं बिजाच्या पिशव्या सोडतात तिथंच हे पिल्लू बरेच दिवस घोळक्यानं फिरतं आणि समोर येईल त्याला तोंड लावतं. त्याला अजून गळाची ओळख नसते. अशा जागी बसलं तर दिवसभर काठी हलत राहते आणि ज्यासाठी बीज सोडलं तेच आपल्या हातून मरतं. बोटभर मासे दोनदा लागले की जागा सोडायची हा नियम आम्ही तिथंच ठरवला.

आजोबा म्हशी धुऊन परत निघाले होते. म्हणाले, "भिताडाबुडी कशाला बसलाय? पानी मेल्यालं हाय तितं. वर वडा मिळतोय, तकडं जावा."

ओढा अर्धा किलोमीटर वर होता. उसाच्या कडेनं पायवाट आहे. उसाच्या पाल्यात घोणस असते, तेव्हा पायात बूट हवेत आणि काठी आपटत जावं. ओढ्याचं थंड, वाहतं पाणी नदीच्या उभ्या पाण्यात शिरत होतं आणि दोन्हींच्या मधे एक रेघ दिसत होती. एका बाजूला किंचित गढूळ, दुसऱ्या बाजूला हातभर खोलीचा दगड दिसेल इतकं स्वच्छ. त्या रेघेवर मासा फिरतो. ओढा खाणं आणून टाकतो आणि दोन पावलांवर खोल पाण्याचा आडोसाही असतो.

मग चारा टाकला. भाताचा कोंडा, भिजवलेली शेंगपेंड आणि ओढ्यातलीच माती कालवून नारळाएवढे चार गोळे, रेघेच्या अलीकडं एकाच जागी. पसरून टाकू नका. टाकल्यावर अर्धा तास गळ टाकायचाच नाही, गप्प बसायचं. गळाच्या आमिषाला दोन वाट्या पेंड, एक वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, लिंबाएवढा गूळ आणि चिमूटभर बडीशेपेची पूड. हे आदल्या रात्री मळून ओल्या फडक्यात ठेवायचं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं, नाहीतर फेकताना गळून पडतं. गोळी बोराएवढी. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ०.३० मिलिमीटरचं पुरे. हुक सहा नंबरचा. नवख्यांसाठी सांगतो, नंबर जितका मोठा तितका हुक लहान.

कुठला मासा हवा त्यावर खोली ठरते. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाला. आम्ही बोया असा बांधला की गोळी तळापासून वीतभर वर राहील.

सव्वादहाला माझा बोया एकदा थरथरला, थांबला आणि मग तिरका सरकत पाण्याखाली गेला. चिलापीच्या टकटकीहून ही चाल अगदी वेगळी असते. एकदा पाहिली की विसरत नाही. मासा आधी खोल पाण्याकडं आणि मग बुडालेल्या बाभळीकडं पळाला. रील ढिलं ठेवलं होतं म्हणून तंगूस वाचलं. रोहूचे ओठ मऊ असतात, जोर लावला की हुक फाडून निघतो. पाच-सहा मिनिटांनी तो जाळीत आला. दीड किलो भरला. अंगावर तांबूस झाक, खवला न् खवला उन्हात चमकत होता. मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

दुपारी एकपर्यंत आणखी दोन रोहू आणि एक मृगळ लागला, सगळे अर्ध्या-पाऊण किलोचे. दीड किलोवाला ठेवला, बाकीचे सोडले. सोडायचा असेल तर हात आधी ओले करा. कोरड्या हातानं अंगावरचा चिकट थर निघतो आणि पुढं त्या जागी बुरशी धरते. मासा खडकावर किंवा वाळूत टाकू नका. आमची ओली गोणी याचसाठी होती. पाण्यात धरून ठेवायचा, तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत.

रोहू, कटला, मृगळ हे मुळात आपल्या नदीचे नव्हेत, ते गंगेच्या खोऱ्यातले. पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारी ही जात तळ्याच्या उभ्या पाण्यात सहसा वीत नाही. म्हणून बीज सोडावं लागतं. १९५७ साली हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची पैदास हुकमी करून दाखवली, त्या आधी बहुतेक बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलैचा मत्स्यशेतकरी दिन त्याच कामाच्या आठवणीत पाळतात. चिलापी तर परदेशी, १९५२ साली भारतात आली. मादी पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळं ती कुठंही टिकते आणि इतरांचं खाणं खाते. म्हणून चिलापी आम्ही एकही परत सोडली नाही. रव्यात घोळून तव्यावर परतली की उत्तम लागते.

आता धोक्याचं. धरणातून पाणी सोडलं की फुगी बघता बघता चढते. काठावर एक काडी रोवून ठेवा आणि अधूनमधून बघत राहा. बंधाऱ्याच्या भिंतीवर शेवाळ असतं आणि बर्ग्यांच्या फटीतून पाणी जोरात ओढतं. खालच्या अंगाला उतरून मासे धरणारी पोरं मी पाहिली आहेत, कृपा करून ते करू नका. मगरीचं गावात विचारून घ्यावं. पाणी काळपट दिसलं, वास आला किंवा मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असले तर गळ गुंडाळावा आणि तिथला मासा खाऊ नये. तंगूसचे तुकडे खिशात घालून आणा. त्यात बगळ्यांचे पाय अडकतात, आम्हीच एकाचा सोडवला.

निघताना दादांच्या घरी जाऊन मासा दाखवला. त्यांनी वहीत वजन लिहून घेतलं. गेल्या सालच्या बिजातला असावा म्हणाले. आजोबांसाठी चार चिलापी ठेवून आलो. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात परत जाणार आहोत, या वेळी मक्याचे उकडलेले दाणे घेऊन, ओढ्याच्या वरच्या वळणावर.