गवतातला मासा

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मामाने मला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जुना कोरलेला मासा शोधायला तासभर नुसतं गवतात फिरवलं. "हितंच होता गो," हे एकच पालुपद. त्याची खूण काय, तर दोन काजींच्या, म्हणजे काजूच्या झाडांच्या, मधे. त्यातली एक काज वादळात पडली, आता एकीवरून 'मधे' कसं ठरवायचं? माझे मोजे कुसळांनी भरले होते. मामा अनवाणी आणि निवांत.

सडा राजापूर तालुक्यातला. गाव सांगणार नाही. कशेळी, बारसू, उक्षी इथली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, ते बरंच झालं. पण आमच्या कातळाला ना कुंपण ना पाटी, आणि रीलवाले बूट घालून थेट चित्रावर उभे राहतात.

शेवटी सापडलं ते कातळ दिसून नव्हे. पिवळ्या पडलेल्या गवतात एक हिरवी रेघ वळत गेलेली दिसली. कोरलेल्या खाचेत माती साचते, ओल धरून राहते, म्हणून तेवढंच गवत उशिरा सुकतं. मी रेघेमागून चालत गेले आणि फिरून पहिल्याच जागी आले. तिथून पुढे लांब, बारीक शेपटी.

"पाकट मासा!" मी ओरडले.

"मंग? मी काय सांगत व्हतो?" मामा म्हणाला. त्याने यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

आम्ही गवत उपटलं, गोठ्यातल्या खराट्याने माती झाडली. खाचेत बोट घातलं तर दोन पेरं आत गेलं. जांभ्याच्या खरखरीत कडा इतक्या पावसाळ्यांनी गुळगुळीत झालेल्या. बाटलीतलं पाणी शेपटीकडून ओतलं. ते अंगाला अर्धा वेढा घालून अडलं, कारण पुढे मुंग्यांनी घर केलं होतं. ते आम्ही मोडलं नाही.

मागे नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळं पाहिली होती. महापाषाण काळातल्या लोकांची दफनं ती, तीनशेच्या आसपास. रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात तिथे खणलं. तिथल्या उत्खननांत लोखंडी वस्तू निघाल्या, घोड्याचे अवशेषही. तिथे झुडपं कितीही माजोत, खाली कोणीतरी आहे हे कळतं. आमच्या माशाखाली नुसता कातळ. इथे खणतात ते बांधकामाच्या चिऱ्यांसाठी. बाजूच्या सड्यावर खाणीचं मशीन दिवसभर किरकिरत होतं, आणि तोच खाणवाला मामाकडे दोनदा येऊन गेलाय. मामाने अजून 'हो' म्हटलेलं नाही. 'नाही'ही म्हटलेलं नाही. मी विचारलं तेव्हा तो खराटा आपटून माती झाडत बसला.

घरी आलो तर मामी दारातच. "गावला काय मासा?"

"गावला."

"मग दाखवा. मी कालवणाचं वाटप करून बसलेय."


रात्री अंड्याचं कालवण झालं.