घरासाठी टॅबलेट की लॅपटॉप?

घरात एकच वस्तू घ्यायची असेल तर मी सरळ लॅपटॉप घ्या म्हणेन. टॅबलेट वाईट नाहीये, उलट सोफ्यावर पडून वाचायला, व्हिडिओ कॉलला, मुलांना चित्रं काढायला त्याच्याइतकं सोयीचं काहीच नाही. पण खरी गोची होते टाइप करताना. स्क्रीनवरचा कीबोर्ड अर्धी जागा खातो, मग दोन पानांचा अर्ज लिहिताना वर काय लिहिलंय तेच दिसत नाही, म्हणून वेगळा कीबोर्ड घ्या, मग स्टँडवालं कव्हर घ्या, आणि हे सगळं धरून खर्च बऱ्याचदा साध्या लॅपटॉपच्या जवळ जातो. शिवाय घरच्या आयपॅडवर प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करता येत नाही (अँड्रॉइडच्या बऱ्याच टॅबलेटवर येतं), त्यामुळे मुलांचे गेम आणि तुमचे मेल सगळं एकाच जागी.

लॅपटॉप घेताना रॅम (चालू कामं धरून ठेवणारी मेमरी) मात्र नीट बघा, विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते असं लिहिलेलं असतं पण तेवढ्यात ब्राउझरचे चार टॅब उघडले की सगळं रखडतं, ८ च्या खाली जाऊच नका, आणि एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क) हवीच.

आजी-आजोबांना फक्त फोटो बघायचेत, कॉल करायचेत, तर मात्र टॅबलेटच द्या, अक्षरं मोठी करून.