एकाच नावाचे दोन चार्जर

तक्रार साधी होती: इलेक्ट्रिक गाड्यांचा एक डीसी फास्ट चार्जर सारखा ऑफलाइन जातोय. फील्ड टीमने सिम बदललं, अँटेना बदलला, फरक शून्य. मग तिकीट आमच्या सिक्युरिटी टीमकडे ढकललं गेलं.

लॉग चाळताना एक गोष्ट खटकली. चार्जिंगचा एक व्यवहार मीटरच्या ज्या रीडिंगवर बंद झाला, त्याच्या बराच पुढच्या रीडिंगवरून पुढचा सुरू होत होता. मधली वीज कुणाच्याच बिलात नव्हती. शिवाय चार्जर ‘ऑफलाइन’ जायचा त्याच क्षणी त्याच्याच नावाने वेगळ्याच आयपीवरून कनेक्शन यायचं. त्यावरून येणारं व्होल्टेज दशांशानेही हलत नव्हतं. खरं मीटर इतकं शहाण्यासारखं कधीच वागत नाही.

हे चार्जर सर्व्हरशी ओसीपीपी 1.6 या प्रोटोकॉलमध्ये बोलतात, म्हणजे 2015 सालची आवृत्ती. वेबसॉकेटच्या, म्हणजे सर्व्हरशी सतत उघड्या राहणाऱ्या कनेक्शनच्या, पत्त्याच्या शेवटी चार्जरची ओळख जोडायची, झालं. इथे ओळख म्हणजे सिरियल नंबर, आणि तो कॅबिनेटवरच्या स्टिकरवर छापलेला! पासवर्ड नव्हताच. त्याच नावाने दुसरं कुणी आलं की सर्व्हर जुनं कनेक्शन तोडायचा. तोतया आत शिरून थोड्याशा युनिटांवर व्यवहार बंद करायचा. खरा चार्जर मात्र ऑफलाइन असूनही गाडी भरत राहायचा. पुन्हा जोडला गेल्यावर तो खरा हिशेब इमानदारीने पाठवतही होता. पण व्यवहार आधीच बंद, म्हणून सर्व्हर तो संदेश सरळ फेकून द्यायचा. चोरीपेक्षा मला याचाच जास्त राग आला.

प्रत्येक चार्जरला वेगळा पासवर्ड आणि टीएलएस (म्हणजे प्रमाणपत्राने सर्व्हरची ओळख पटवणारं सांकेतिक कनेक्शन), हा उपाय प्रोटोकॉलच्या सुरक्षा विस्तारात आधीपासून आहे. अडलं ते घड्याळाशी. जुन्या बोर्डांवर घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की ते थेट 1970 मध्ये जातात आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारतात. वेळ सर्व्हरकडूनच मिळणार, आणि सर्व्हरशी बोलायला वेळ बरोबर हवी! त्यात सुरक्षेची पातळी दुरून चढवता येते, उतरवता येत नाही. चुकलं तर माणूस पाठवण्याला पर्याय नाही. म्हणून आधी फर्मवेअरमध्ये एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ लावून घेण्याची सोय) घातलं, मगच टीएलएस चालू केलं.

दरम्यान मीटरमधली तफावत शोधणारी क्वेरी सगळ्या चार्जरवर चालवली. यादी बघून बिलिंगवाले हादरले. त्यातली बहुतेक मीटरं नुसती बिघडलेली निघाली, हेही सांगायला हवं.