साहेबांचा कीबोर्ड बंद, ड्राफ्टिंग चालू

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात बोलावणं येतं ते बहुतेक 'स्लो झालाय' नाहीतर 'प्रिंटर चालत नाही' म्हणून. साताऱ्यातल्या एका वकीलसाहेबांकडून आलेलं बोलावणं वेगळं होतं. अपघातात मानेच्या मणक्याला मार बसून बोटांतली ताकद गेलेली. आवाज मात्र कोर्टात घुमायचा तसाच खणखणीत. "हात न लावता कॉम्प्युटर चालला पाहिजे आणि अर्ज मराठीत निघाला पाहिजे," एवढीच त्यांची अट.

मुलाने आधीच दोन-तीन बोलके मदतनीस दाखवून झाले होते. गाणं लाव, हवामान सांग, असली कामं. विंडोज 10 सोबत 2015 मध्ये आलेली कोर्टानाही त्याच पठडीतली. 2023 मध्ये तिला विंडोजमधून निरोप मिळाला. पण साहेबांना गप्पा मारायच्याच नव्हत्या, त्यांना माऊस हवा होता.

ते काम विंडोज 11 मधलं व्हॉइस ॲक्सेस करतं. 'शो नंबर्स' म्हटलं की पडद्यावरच्या बटणांवर, लिंकवर आकडे उमटतात. आकडा बोलला की क्लिक. जिथे आकडा येत नाही तिथे 'शो ग्रिड': पडद्याचे नऊ चौकोन, निवडलेल्याचे पुन्हा नऊ, असं करत बाण हव्या त्या जागी नेता येतो. भाषेची फाइल एकदा उतरवली की इंटरनेटही लागत नाही. डोक्यावर पंखा गरगरत होता, म्हणून लॅपटॉपचा माइक सोडून हेडसेट लावला. साहेबांनी तासाभरात हात बसवला. हात कसला, जीभच!

घोडं अडलं मराठीपाशी. व्हॉइस ॲक्सेसला मराठी कळत नाही, म्हणून मजकुरासाठी गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग घेतलं. त्यात मराठी आहे. 'अर्जदार', 'सामनेवाले', 'वहिवाट' झकास उमटले. मग साहेब ठसक्यात म्हणाले, "पूर्णविराम." पडद्यावर टिंब नाही, अख्खा शब्द! त्यात व्हॉइस ॲक्सेस आणि डॉक्स, दोघांचे कान एकाच माइकवर. मराठी सांगताना व्हॉइस ॲक्सेसला झोपवायचं आणि मग उठवायचं, तर 'व्हॉइस ॲक्सेस वेक अप' हेही देवनागरीत थेट गट नंबरच्या पुढे जाऊन बसलं. काकूंना हसू आवरेना.

तोड निघाली. विरामचिन्हं खुशाल शब्दात बोलायची आणि शेवटी 'फाइंड अँड रिप्लेस'ने सगळ्या 'पूर्णविराम'च्या जागी टिंब टाकायचं. उठवताना सांडलेला कचरा 'अनडू दॅट'ने पुसायचा. न्यायालयाच्या नावाचा ठरलेला मथळा व्हॉइस शॉर्टकटमध्ये भरून ठेवला. 'कोर्ट हेडिंग' म्हटलं की हजर.

दिवेलागणीपर्यंत तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचा मसुदा तयार झाला. कारकुनाने प्रिंटरमधून कागद उचलले, तेवढाच काय तो माणसाचा हात लागला.

साहेब खुशीत होते, तोच आतून काकू म्हणाल्या, "अहो, फूटभर बांधासाठी सख्खे भाऊ इतके भांडतात?"

साहेब चपापले. कीबोर्डवर लिहीत होते तोवर पक्षकाराची भानगड त्यांच्यापाशीच राहायची. आता स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती, आणि ओसरीवरच्या बाकावर उद्या दुसऱ्या बाजूचंही कोणी येऊन बसलं असतं.

माझं बिल चुकतं करायला सांगून ते म्हणाले, "तुमच्या ओळखीत चांगला सुतार आहे का हो? या खोलीला जाड दार बसवून घ्यावं लागणार."